चोवीस चिकू, दहा मिनिटे

१२ सप्टेंबर २०१७, मंगळवार. मागायची रक्कम चार लाख साठ हजार रुपये. स्थळ तलासरीतला एक हॉल. हजर आम्ही चौघे: मी, माझी बायको, तिचा भाऊ, आणि सायवनची एक बाई, जी चार वर्षे आमच्या वाडीत कामाला होती. समोर टेबलामागे तिघे: एक मॅडम, एक वयस्कर गृहस्थ आणि लॅपटॉप घेऊन बसलेला एक तरुण. आम्हाला दिलेला वेळ दहा मिनिटे, त्यानंतर प्रश्नांना पाच.

एवढे माझ्या वहीत त्याच दिवशी लिहिलेले आहे. पुढचे मी लिहिले नव्हते. ते आता लिहितो.

आमची वाडी डहाणूच्या किनारपट्टीला. बेचाळीस चिकूची झाडे. मी एका सोसायटीत कारकुनी करतो, त्यामुळे वाडी खरे तर बायकोच बघते. तिने अकरा बायकांचा गट केला होता. कोसबाडच्या शेतकी केंद्रात जाऊन तिघी चिकू वाळवायचे शिकून आल्या आणि बारीक चिकूच्या चकत्या चटयांवर वाळवून विकू लागल्या. बारीक म्हणजे साठ ग्रॅमच्या आतले फळ. ते पेटीत भरता येत नाही, व्यापारी उचलत नाही, शेवटी गुरांपुढे जाते. दोन हंगाम मी आमचे फळ वजन करून लिहिले होते. शंभर किलोत अठरा किलो बारीक.

चटयांवरचे काम उन्हावर चालते. ढग आले, दव पडले की माल काळा पडतो. महिन्यातले जेमतेम बारा दिवस काम मिळायचे. विजेवरचे वाळवणयंत्र आणि त्यासाठी शेड मिळाली तर दिवाळीपासून मेपर्यंत सहा बायकांना रोजचे काम होते. तलासरीच्या भागात काम करणारी एक संस्था अशा गटांना पैसे देणार होती. अट एकच, समोर येऊन मांडणी करायची.

गटातल्या सायवनच्या बाईला याची गरज सगळ्यांत जास्त होती. ती आणि तिचा नवरा दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे. मुलगी त्या वर्षी नववीत होती. आतापर्यंत तिला आजीकडे ठेवून निभावले होते, पण आजी उन्हाळ्यात वारली. आता भट्टीवर गेले तर मुलगी बरोबर, आणि शाळा बंद. आईला इथे रोज काम मिळाले तर नवरा एकटा जाणार होता. हे बायकोला ठाऊक होते, मला ठाऊक होते. यंत्र कशासाठी हवे, याचे माझ्या मते ते सर्वांत खरे उत्तर होते.

मी बावीस स्लाइड केल्या. मेव्हणा तलासरीला शाळेत मास्तर आहे. त्याने त्या बघितल्या आणि म्हणाला, "भावोजी, ही मांडणी आहे की सातबारा?"

"यातला कुठला आकडा खोटा आहे?"

"एकही नाही. म्हणून तर झोप येते."

त्याने तेरा काढल्या. नऊ राहिल्या. बारीक फळाचा तक्ता पाचवा. तो मी काढू दिला नाही. आमचा सगळा मुद्दा त्या पाचव्यात होता.

घरचे पाच दिवसांचे गणपती उठल्यावर तालीम सुरू केली. तीस ऑगस्ट ते दहा सप्टेंबर, एकूण सात वेळा, दुपारी तीनला, मधल्या खोलीच्या खिडक्यांना चादरी लावून. शेवटच्या दोन तालमींना फोटो स्टुडिओतून प्रोजेक्टर भाड्याने आणला. पहिल्या दिवशी सव्वीस मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी सतरा. पाचव्या तालमीला बारा. सातवीला नऊ मिनिटे चाळीस सेकंद, आणि मला फार बरे वाटले.

वाटणी अशी होती: मी सात मिनिटे, बायको दोन, सायवनची बाई एक. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "गट आमचा, आणि सात मिनिटं तुमची."

"आकडे तू सांगणार आहेस का?"

"मी चिकू सांगेन. आकडे ज्याचे त्यानं सांगावे."

ते मी हसण्यावारी नेले. प्रश्नांच्या बाबतीत मात्र मी स्पष्ट नियम घातला, की प्रश्न आला तर उत्तर फक्त मी देणार, बाकी कोणी उठायचे नाही. एका गटातून दोन उत्तरे आली की ऐकणाऱ्याचा विश्वास जातो, असे मेव्हण्यानेही सांगितले होते. नियम सगळ्यांना पाठ व्हावा म्हणून तालमीत मेव्हणा खोटे प्रश्न विचारायचा आणि कोणी तोंड उघडले की मी हात आडवा करायचो. सायवनची बाई दोनदा चुकली. तिसऱ्यांदा चुकली नाही.

तिचे एक मिनिट आमच्या सगळ्यांच्या बोलण्यापेक्षा चांगले होते. ती उभी राहायची, पदर खोचायची आणि सांगायची, "मी दिवाळी झाली का भट्टीवर जाते. पोरगी नववीला हाय. हितं काम ऱ्हायलं तर जायची नाय. एवढंच हाय." छप्पन्न सेकंद व्हायला हवे होते, वीसच व्हायचे. मेव्हणा म्हणाला, "थोडं थांबत बोल. डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल."

ती म्हणाली, "रडायचं बी पाठ करायचं का, मास्तर?"

बायको इतकी हसली की त्या दिवशीची तालीम तिथेच संपली. मी घड्याळ बंद केले तेव्हा नुसत्या हसण्यात सहा मिनिटे गेली होती.

संस्थेच्या पत्रात एक ओळ होती: कच्चा माल आणि तयार माल यांचा नमुना सोबत आणावा. नमुन्याचे काम बायकोकडे होते. सोमवारी सकाळी तिने जुन्या झाडांखाली उभे राहून एकेक फळ निवडले. आमच्याकडे पाहुण्याला फळ द्यायचे तर वाडीतले सर्वांत चांगले. बारीक फळ कामाला येणाऱ्यांनी न्यावे, गुरांना घालावे, घरच्यांनी खावे. माझ्या आईने कधी पाहुण्यापुढे बारीक चिकू ठेवला नाही, तिच्या सासूनेही ठेवला नसणार. चोवीस फळे टोपलीत केळीच्या पानावर मांडली, बाजूला वाळलेल्या चकत्यांचे पुडके ठेवले. मी फळांचे वजन केले, सवयीने. तीन किलो एकशेवीस ग्रॅम. म्हणजे एक फळ एकशेतीस ग्रॅमचे. वहीत लिहिले. पुढच्याच पानावर पाचव्या स्लाइडचा तक्ता होता, साठ ग्रॅमच्या आतले. दोन्ही पाने माझ्याच हातची. मी एकावरून दुसऱ्यावर गेलो आणि वही मिटली.

संध्याकाळी सायवनची बाई एका कापडी पिशवीत बारीक चिकू घेऊन आली. धुतलेले, पुसलेले. बायकोला म्हणाली, "काकी, हे बी न्यायचे ना?"

"ते कशाला? असलं फळ मोठ्या माणसांपुढे ठेवायचं? गुरांना घाल."

तिने पिशवीचे तोंड आवळले. मी तिथेच होतो.

मंगळवारी आम्ही एक तास आधीच निघालो, कारण हायवेला अच्छाडच्या तपासणी नाक्याकडे जाणारे ट्रक उभे असले की वेळेचा भरवसा नसतो. ट्रक नव्हते. हॉलमध्ये पन्नास मिनिटे बसून राहिलो. सायवनच्या बाईच्या मांडीवर तीच कापडी पिशवी होती. मला वाटले, तिने भाकरी आणली असेल.

मांडणी नऊ मिनिटे पन्नास सेकंदांत झाली. मी एकदाही अडलो नाही. बायकोने दोन मिनिटे धरली. सायवनच्या बाईने वीस सेकंदांत आपले सांगितले, आणि मॅडमनी पेन खाली ठेवले. ते मी बघितले. मला वाटले, झाले.

मग वयस्कर गृहस्थांनी टोपलीतले एक फळ उचलले, दोन बोटांनी फोडले आणि खाल्ले. अर्धे मॅडमना दिले. म्हणाले, "असा चिकू आमच्याकडे बाजारात बघायला मिळत नाही. पेटीला काय भाव येतो?"

मी भाव सांगितला. खरा सांगितला.

"मग हे वाळवायचं कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"हे नाही वाळवत. बारीक वाळवतो."

"बारीक कुठे आहे?"

"पाचव्या स्लाइडमध्ये."

लॅपटॉपवाल्या तरुणाने पाचवी स्लाइड पुन्हा लावली. शंभर किलोत अठरा किलो. मॅडमनी बघितले. म्हणाल्या, "आकडा दिसतोय. फळ दाखवा ना. नमुना आणायला सांगितलं होतं."

माझ्या डाव्या हाताला खुर्ची सरकली. सायवनची बाई अर्धी उठली होती, पिशवी दोन्ही हातांत. त्या क्षणी मला पिशवीत काय आहे ते कळले, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. ते खरे नाही. मला एवढेच दिसले की प्रश्न चालू आहे आणि कोणीतरी उठते आहे. मी हात आडवा केला. ती बसली. शिकवल्याप्रमाणे बसली.

मी पाचव्या स्लाइडमधले आकडे पुन्हा वाचून दाखवले. वयस्कर गृहस्थ दुसरा चिकू फोडत होते. पाच मिनिटे संपली. मॅडम म्हणाल्या, "तुमची तयारी फार चांगली आहे. इतकी तयारी कोणाचीच नव्हती."

बाहेर आल्यावर मेव्हणा म्हणाला, "टायमिंग एकदम परफेक्ट, भावोजी." रिक्षाजवळ सायवनच्या बाईने पिशवी उघडली आणि त्यातला एक चिकू मेव्हण्याच्या हातावर ठेवला. सुपारीहून थोडा मोठा असेल. "खा मास्तर. ह्याच्यासाठी आलो व्हतो."

बायकोने पिशवीकडे बघितले, मग माझ्याकडे. घरी चहा ठेवताना म्हणाली, "मी म्हटलं गुरांना घाल. तुम्ही हात केला. दोघांनी मिळून केलं." या विषयावर ती आजपर्यंत एवढेच बोलली आहे.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेला पत्र लिहिले, नमुना चुकीचा गेला असे कळवले, आणि बारीक फळाचे पाकीट सोबत पाठवले. ते पोचले की नाही मला माहीत नाही. पाच ऑक्टोबरला उत्तर आले. गट सक्षम असून त्यांच्या फळाला चांगली बाजारपेठ उपलब्ध आहे, म्हणून या वर्षी अधिक गरजू गटांना प्राधान्य देण्यात येत आहे. मी ते तीन वेळा वाचले. आम्ही जे दाखवले त्यावरून त्यांनी जे लिहिले ते बरोबर होते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिले असते. यात माझे काही समाधान नाही, पण दुसरे काही म्हणता येत नाही.

सायवनच्या बाईला ते मी ओसरीवर वाचून दाखवले. तिने विचारले, "सक्षम म्हंजे?"

"म्हणजे आपलं बरं चाललंय, असं."

"कोणाचं?"

मी पत्राची घडी घातली.

मेव्हणा म्हणाला, पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ, आता चूक कळली आहे. पुढच्या वर्षी तो खरेच घेऊन बसला होता, नव्या स्लाइड करून. मी गेलो नाही. ज्या मुलीसाठी जायचे ती तोपर्यंत नववीत राहिली नव्हती, दहावीतही नव्हती. बायकोच्या गटातल्या सात जणी उरल्या, मग चार. चटया अजून माळ्यावर आहेत.

२०१७ सालीच, २५ ऑक्टोबरला, बुधवारी, सकाळी साडेसातला सायवनची बाई भट्टीवर जाण्याआधी निरोप घ्यायला आली. मुलगी बरोबर होती. शाळेचे दप्तर तिने आणले होते, पण त्यात कपडे भरलेले होते, हे वरूनच कळत होते. मुलीने आमच्या ओसरीवर बसायला लाजू नये इतक्या वेळा ती आमच्याकडे आलेली, पण त्या दिवशी उभीच राहिली. बायकोने तिला विचारले, "पुस्तकं?"

"मैत्रिणीला दिली," मुलगी म्हणाली. "तिची फाटली व्हती."

मी आत जाऊन वही आणली. सात तालमींना तिने दुपारचे काम सोडले होते आणि तलासरीला पूर्ण दिवस गेला होता. हे मी आधीच द्यायला हवे होते. माझ्या डोक्यात तेव्हा यंत्र आल्यावर सगळे एकदम सरळ होणार होते. तिने कधी मागितले नाही. मी हिशेब वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "बोलायचे बी पैसे असतात काय, काका?"

"कामाचा वेळ गेला ना तुझा."

"मंग त्या हाताचे किती कापले?" असे म्हणून तिने माझ्यासारखाच हात आडवा करून दाखवला. ती हसत होती. मुलगीही हसली, तिला घरी सांगितले असणार. बायको आत निघून गेली.

पैसे तिने मोजले नाहीत. मी समोर मोजून दिले होते म्हणून असेल.

त्या मांडणीपायी शेवटी दिले ते असे. प्रोजेक्टरचे दोन दिवसांचे भाडे बाराशे रुपये, फोटो स्टुडिओवाल्याला. सात अर्ध्या दिवसांचे सातशे आणि एका पूर्ण दिवसाचे दोनशे, मिळून नऊशे रुपये, सायवनच्या बाईला.