रोगट रोपांचा वानोळा

शाळेच्या मधल्या सुट्टीत नलू आणि मी एकच टोमॅटो आळीपाळीनं चावायचो. मीठ तिच्या कंपासपेटीत असे. रस गणवेशावर ओघळला की सिस्टर इंग्रजीत रागवायच्या, आम्ही मराठीत हसायचो. लग्नानंतर नलू गिरणारे गावी शेतात रमली, मी गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये. गणपती आटोपल्यावर तिचा फोन आला. "टोमॅटोवर व्हायरस आलाय. ह्यांना समजाव जरा. माझं ऐकत नाहीत."

मी एकटीच जाणार होते. पण सोसायटीच्या सेक्रेटरी शोभनाताईंच्या कानावर गेलं आणि माझ्या मैत्रिणीच्या संकटाची 'शेतसहल' झाली. गाडी त्यांची, पेट्रोल निम्मं निम्मं. रस्ता चांगला आहे, पण लवकर निघा. नंतर क्रेट भरलेल्या पिकअपमागे रखडावं लागतं. वाटेत मिसळ खाल्ली. तिथं झोपाळे होते, ससे होते, सेल्फीसाठी बैलगाडी होती. रश्श्याला चव तेवढी नव्हती. घरून पोहे खाऊन निघालेलं बरं.

नलूच्या शेतातल्या चार-पाच ओळी रोगानं धरल्या होत्या. झाडं खुजी राहिलेली, शेंडे आखडलेले, पानं वाटीसारखी वळलेली, फुलं गळालेली. नलूनं एक पान उलटं केलं तशा पिठाच्या कणाएवढ्या माश्या उडाल्या.

"पांढरी माशी. आजारी झाडाचा रस पिते आणि चांगल्यावर जाऊन बसते. झालं!" पलीकडची झाडं अजून हिरवीगार होती. तिचा सगळा जीव त्यांच्यात अडकला होता.

तिचे यजमान, दगूभाऊ, मला म्हणाले, "ताई, दुकानदार म्हनला, औषधानं व्हायरस बरा व्हतो. अजून एक फवारा मारू."

"माशी मरेल, रोग नाही जायचा," नलू म्हणाली. "उपटायला हवीत."

"हातानं लावलेलं उपटायचं व्हय?"

बरा न होणारा रोग बरा करून द्यायला डोकं लागत नाही, काउंटर लागतो.

तेवढ्यात शोभनाताई चित्कारल्या, "किती गोड! अगदी बोन्साय! दोन मिळतील कुंडीत लावायला?"

दगूभाऊंचा चेहरा खुलला. पाहुण्याला वानोळा दिल्याशिवाय या घरातून कोणी पाठवत नाही. त्यांनी खुरप्यानं एक रोगट झाड मातीसकट काढलं.

"आता बरं उपटलं!" नलू म्हणाली.

"भाऊ, गावाला रोग वाटायला निघालात," मी म्हणाले.

"पण माशी तर इथंच राहिली ना?" शोभनाताई.

"माशी सगळीकडे आहे, ताई. रोग सगळीकडे नाही," नलू म्हणाली.

दगूभाऊंनी हातातल्या झाडाचं एक पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, "नले, गोण्या काढ."

आधी माशीवर फवारा मारला. आम्ही घरात नागलीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. दगूभाऊ ताटावरून न जेवताच उठले. उन्हं कलल्यावर त्यांनी त्या ओळी उपटून जागच्या जागी गोण्यांत भरल्या आणि बांधापलीकडे पुरल्या. शोभनाताई फोटो काढत होत्या. मी त्यांच्या हाती गोणीचं तोंड दिलं.

घरी आले तरी बोटांना पाल्याचा वास होता. उरलेली झाडं वाचतील का, नलूलाही सांगता येत नाही.

तिनं चांगल्या झाडांचे टोमॅटो दिलेत. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांची वाटणी टाकते. पिकलेले तळमजल्यावरच्या आजींना. कच्चे वॉचमनला, तो चटणी करतो. मोठे शोभनाताईंना, गोणी धरल्याबद्दल. औषधाची रिकामी बाटली दुकानदाराला परत. रोप कुणालाच नाही, कितीही गोड बोलून मागितलं तरी. आणि दगूभाऊंना पुरणपोळीचा डबा. तो मी स्वतः नेईन. ते जेवल्याशिवाय परतणार नाही.