बिजली कोंबडी की कोंबडा?

कॉलनीत कोंबड्या पाळल्या की अंडी नंतर येतात, किस्से आधी जमा होतात. गंगापूर रोडला आमची रो-हाऊसची कॉलनी. मी शाळेत गणित शिकवते आणि मागच्या अंगणात पाच पिल्लं वाढवते. दोन्ही कोणाला न विचारता!

पिल्लं आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी वाघमोडे दारात. "मॅडम, कोंबडी चालेल, कोंबडा नाही. एक जरी आरवला तरी अख्खं खुराडं उचलायचं. मीटिंगमध्ये ठरलंय."

"मीटिंगला मला का नाही बोलावलं?"

"विषय तुमचाच होता ना!"

*

पिल्लं दिली होती माझ्या सायखेड्याच्या आत्याने. तिला लगेच फोन लावला. "आत्या, सगळ्या कोंबड्याच आहेत ना?"

"मंग! टोकदार अंड्यात कोंबडा राहतो. मी गोल गोलच निवडून बसवली व्हती. बिनघोर ऱ्हा."

दीड महिन्यात त्यातल्या बिजलीचा तुरा लालभडक झाला. बाकी चौघींचा फिकटच. मी परत आत्याला फोन केला.

"चष्मा नव्हता गं तवा."

*

शेजारचे जाधवकाका सुभेदार म्हणून रिटायर झालेत, देवळाली कॅम्पात सगळी नोकरी. त्यांची पद्धत वेगळी. दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लावर धरायची. गोल फिरली तर कोंबडी, सरळ झुलली तर कोंबडा!

हॉलमध्ये टेस्ट झाली. अंगठी पाचही जणींवर गरागरा फिरली. मी पेढे आणायला निघाले, तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला आणि अंगठी पाचही जणींवर सरळ झुलायला लागली!

काका शांतपणे म्हणाले, "लाईट आल्यावर बघू."

*

वाघमोड्यांनी तोवर मोबाईलवर व्हिडिओ बघितले. कोंबड्याला आरसा दाखवला की तो अंगावर जातो म्हणे. रविवारी आरसा घेऊन हजर! चौघींनी ढुंकून बघितलं नाही. बिजलीने मात्र आरशावर अशी झेप घेतली की वाघमोडेच दोन पावलं मागे सरकले.

"बघा! पुरावा!"

"सकाळी आरशात बघून मीही चिडते," मी म्हटलं. "मलाही काढा कॉलनीबाहेर!"

*

मग सगळे एकच सांगायला लागले. बिजलीला गुपचूप देऊन टाक, बाकीच्या तरी वाचतील. नवरा म्हणाला, काका म्हणाले. आत्या तर थेट म्हणाली, "कापून टाक. चार त राहतील."

मला ते फार लागलं. हेच पिल्लू मरायला टेकलं होतं, तेव्हा बुटाच्या खोक्यात बल्ब लावून मी जगवलं होतं. आणि नुसत्या संशयावरून मी कोणालाच घराबाहेर काढत नाही. जी जरा उंच झाली, लाल झाली, सगळ्यांच्या पुढे चालायला लागली, ती बाई नाहीच असं ठरवणाऱ्यांचा मला मुळातच राग आहे.

बिजली कुठेही गेली नाही.

*

पिल्लं सहा महिन्यांची झाली. गेल्या रविवारी सकाळी चहा गाळत होते आणि अंगणातून आरवणं ऐकू आलं. अगदी स्पष्ट. परत एकदा. समोरच्या गॅलरीत माणसं आली. पाचही जणी गेल्या, दुसरं काय!

वाघमोडे कमिटीची दोन माणसं आणि रिकामं पोतं घेऊन आले. चेहरा असा फुललेला. "मॅडम, आता बोला!"

मी खुराड्यासमोर आडवी उभी राहिले. "आधी माझ्यासमोर आरवू दे. मग पोत्याचं बघू."

दार उघडलं. चौघी बाहेर पळाल्या. बिजली एकटीच कोपऱ्यातल्या पेंढ्यात बसून. वाघमोडे वाकले, तशी ती उठली, मान ताणली आणि त्यांच्या तोंडावर खणखणीत आरवली!

ती जिथून उठली तिथे एक अंडं होतं. ओलसर, गरम.

वाघमोड्यांनी अंड्याकडे बघितलं. मग बिजलीकडे. ती पुन्हा आरवली.

"मॅडम... हे काय आहे?"

"अंडं," मी म्हटलं. "हाफ फ्राय करू की बुर्जी?"