दोन दांडे

बातमी आणली ती कल्याणच्या बसने. ठाण्याच्या स्टँडवर मी तिकिटांची खिडकी उघडत होतो, तेवढ्यात ड्रायव्हर आत येऊन म्हणाला, "तुमचे भाऊजी गेले हो सकाळी." आमच्या सरकारी बसला जे कायम 'चाकांवरचं खुराडं' म्हणत, त्यांचा निरोप एका खुराड्याने आणावा... त्यांना ते मुळीच आवडलं नसतं.

भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, कल्याणच्या रेल्वे यार्डात केबिनमन होते; सांध्यांचे आणि सिग्नलचे दांडे ओढणं हे त्यांचं काम. जगाला कमी लेखणं हा त्यांचा स्वभावच. पेपरात नव्या बसमार्गाची बातमी आली की मला मोठ्याने वाचून दाखवत. "ना रूळ, ना सिग्नल. ज्याला वाटेल त्याने वाटेल तिकडे वळावं. याला काय वाहतूक म्हणायची?" रेल्वे गोऱ्यांकडून आपल्या सरकारकडे आली तेव्हा यार्डात पेढे वाटले, भाऊजींनी घेतला नाही. "गोरा साहेब गेला, काळा आला. हॅट तीच आहे," एवढंच बोलले. ते मला तुच्छ मानत, मी त्यांना. तसं आमचं छान चाललं होतं.

मग एका दुपारी त्यांच्या केबिनसमोर मालगाडीच्या चार वाघिणी घसरल्या. कुणी दगावलं नाही, पण ठपका भाऊजींवर आला. रूळ बदलणारा सांधा बाजूच्या साइडिंगला लागलेला असताना त्यांनी मेन लाइनचा सिग्नल दिला होता. हे त्यांनी नाकारलं नाही. "माणूस चुकतो, म्हणून तर अडणी असते," ते म्हणत. केबिनमध्ये सांध्याचा दांडा आणि सिग्नलचा दांडा यांच्यामध्ये लोखंडी अडणी असते. सांधा चुकीचा असेल तर सिग्नलचा दांडा हलतच नाही. ती अडणी झिजली होती आणि भाऊजींनी यार्डाच्या साहेबांना दोनदा लेखी कळवलं होतं. ते कागद मात्र चौकशीत कुणालाच सापडले नाहीत.

रॉकेलच्या डब्यांचा पत्रा, सायकलच्या चाकांच्या तारा, चहाच्या खोक्यांच्या फळ्या... महिनाभर खपून भाऊजींनी घरात अख्खं यार्ड छोट्या आकारात उभं केलं. अडण्या दोन केल्या. नवी घातली की सांध्याचा दांडा खाली असताना सिग्नलचा अडायचा. झिजलेली घातली की दोन्ही दांडे खुशाल खाली यायचे. चौकशीच्या दिवशी आम्ही ते हातगाडीवरून नेलं. त्याच साहेबांनी लांबूनच पाहिलं आणि विचारलं, "हे मुलांसाठी आणलंत का?" सगळे हसले. मीही हसलो, आणि खरं सांगायचं तर जरा मोठ्यानेच.

भाऊजींना पार्सल ऑफिसात बसवलं. तिथे त्यांनी नोकरी संपवली, पण घरचं यार्ड वाढत राहिलं. पत्रीपूल आला, खाडी आली, इंजिनाला पाणी देणारा नळ आला. बघायला येणारे म्हणत, "काय सुरेख छंद आहे!" भाऊजी त्यांच्याकडे अशा नजरेने बघत, की पाहुणा चहा न पिताच उठे. "छंद नाही हा," ते म्हणत. "पुरावा आहे."

तेराव्याला ते साहेब आले. आता निवृत्त, अंगाने सुटलेले, आवाजात तूप. "असा छंदिष्ट माणूस पुन्हा होणे नाही," म्हणाले. रेल्वेच्या हॉलमध्ये हे यार्ड ठेवू, खाली भाऊजींच्या नावाची पाटी लावू, असंही म्हणाले. ताईने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"न्या ना," ती म्हणाली. "आधी तेवढे दोन दांडे ओढून बघा. झिजलेलीच अडणी घालून ठेवलीय त्यांनी."

साहेबांनी दांड्यांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. गाडीची वेळ झाली होती म्हणे. इतका भेकड माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि ते गेल्यावर तसं ताईला बोललोही.

ताई कप उचलत होती. "आणि तू रे?" ती म्हणाली. "दर रविवारी यायचास. तू कधी ओढलेस?"

मी उठलो. यार्डापाशी जाऊन मी सांध्याचा दांडा खाली घेतला, सांधा साइडिंगला लागला. मग सिग्नलचा धरला. तो लोण्यातून सुरी जावी तसा खाली आला.