सासऱ्यांनी ओळखलेली चाल

फेब्रुवारीत, कामावर जाताना ट्राममध्येच माझ्या नवऱ्याला हार्ट अटॅक आला आणि तो गेला. जर्मनीत, ड्रेस्डेनच्या एका कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कारखान्यात तो इंजिनिअर होता. सासरे मुंबईहून एकटेच आले. सासूबाई काही वर्षांपूर्वीच वारल्या होत्या आणि हा त्यांचा एकुलता एक मुलगा.

सासऱ्यांनी उभा जन्म सिनेमाच्या गाण्यांत व्हायोलिन वाजवलं. मुलानेही वाजवावं म्हणून त्यांनी फार प्रयत्न केले, पण त्याने ते अर्ध्यात सोडलं आणि इंजिनिअरिंगला गेला. भांडण वगैरे झालं नाही. फक्त बापलेकांत गाण्याचा विषय निघेनासा झाला.

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. इथल्या चर्चच्या हौशी कोअरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, तो गायला जायचा. आवाज जाड, म्हणून बासमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांत. बाबांना इतक्यात सांगू नकोस, असं त्याने मला बजावलं होतं. नाताळच्या कार्यक्रमाला त्यांना बोलवायचं, पुढच्या रांगेत बसवायचं आणि गाता गाता त्यांचा चेहरा बघायचा, असा त्याचा बेत होता.

अंत्यसंस्कारानंतर कोअर चालवणाऱ्या बाईंचा फोन आला. पुढच्या सरावात त्यांना त्याच्यासाठी गायचं होतं. मग सासऱ्यांना सांगावंच लागलं.  ते उठून कोट घालून दारात उभे राहिले. सराव उद्या आहे, हे मी त्यांना पुन्हापुन्हा सांगितलं तेव्हा कुठे त्यांनी कोट काढला.

दुसऱ्या दिवशी माझ्या लहान मुलीलाही घेऊन आम्ही गेलो. चर्चमध्ये गारठा होता. तीनशे वर्षांपूर्वी याच मुलखात राहून गेलेल्या एका संगीतकाराची रचना कोअरने निवडली होती. वरचे आवाज एक चाल गात होते, खालचे वेगळीच, आणि तरी दोन्ही एकमेकांना धरून होत्या. मी बासच्या रांगेकडे बघत होते. एक माणूस कमी असल्याचं कुठेच ऐकू येत नव्हतं. गाण्यात कसलीच उणीव नव्हती, आणि तेच मला सहन होईना.

मध्येच सासऱ्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. संपल्यावर बाईंशी बोलायलाही ते थांबले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून म्हणाले, "अगं, ही खालची चाल मी वाजवलीय."

मला वाटलं, दुःखाने त्यांचा काहीतरी घोटाळा होतोय. पण ते नीट सांगत होते. रेकॉर्डिंगला त्यांचे एक अरेंजर, म्हणजे वाद्यांनी काय वाजवायचं ते लिहून देणारे, असत, गोव्याचे, चर्चमध्ये शिकलेले. गायिकेच्या चालीखाली ते व्हायोलिनला दुसरीच चाल लिहून देत. हे सुचतं कसं, असं एकदा सासऱ्यांनी विचारलं, तर ते हसून म्हणाले होते की सुचत नाही, एका जुन्या जर्मन माणसाकडून घेतो, त्याच्यानंतरच्या सगळ्यांनीच घेतलंय. सासऱ्यांनी तेव्हा ते थट्टेवारी नेलं होतं. त्या चालीवर त्यांचं घर चाललं, मुलगा शिकला.

मग ते म्हणाले, "मला वाटायचं, आपल्या घरातलं गाणं माझ्यापाशी थांबलं. एक फोन करून सांगायचं होतं गं त्याने."

 शेजारी मुलगी बसली होती. तिला मराठी कळतं, पण ती बोलते जर्मनमध्येच. ती हळूच काहीतरी बोलली. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतेय ती?"

"म्हणतेय, पापा रोज दाढी करताना हेच गायचा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा."

इथे आल्यापासून सासरे रडले नव्हते. त्या बाकावर ते तोंडावर मफलर धरून रडले. मुलगी घाबरून मला बिलगली. थोड्या वेळाने तिनेच उठून आजोबांचा खाली पडलेला हातमोजा उचलून दिला.

व्हिसा संपेपर्यंत ते राहिले. कोअरच्या बाईंनी त्यांच्यासाठी कुणाचं तरी व्हायोलिन आणून दिलं होतं. त्यांनी तारा लावल्या, गज ओढून पाहिला आणि हात चालत नाही असं सांगून परत केलं. पण मला माहीत होतं, त्यांचा हात अजून चांगला चालतो.

मुलगी आता त्या चर्चच्या मुलांच्या कोअरमध्ये जाते. तिचा हट्टच होता. मी तिला दारापर्यंत सोडते आणि सराव संपेस्तोवर रस्त्यापलीकडच्या बेकरीत कॉफी घेऊन बसते. बाई दर वेळी आत बोलावतात. पुढच्या वेळी, असं मी त्यांना सांगते.