सिलिंडरमधली उदबत्ती

“पाटकर, या हवेला उदबत्तीचा वास येतोय,” सुधाकर म्हणाला. आमचा हा डायव्हर पाठीवर सिलिंडर चढवून येलदरी धरणाच्या काठावर उभा होता. कर्णिक साहेब, आमचे बॉस, होडीत बसून घड्याळ बघत होते. आणि रजिस्टरमध्ये ‘हवा तपासली’ या शब्दांखाली माझी झोकदार सही होती.

आम्हा समुद्रविज्ञानवाल्यांचं परभणी जिल्ह्यात काय काम, हे जिंतूरपासून सगळ्यांनी विचारून झालं होतं. पुढच्या महिन्यात समुद्राच्या तळाचे नमुने आणायचे होते. सामान नवं कोरं. त्याची रंगीत तालीम शांत पाण्यात, म्हणून हे धरण. माझ्याकडे कॉम्प्रेसर. तो बाहेरची हवा ओढतो आणि दाबून सिलिंडरमध्ये भरतो. लोकांना वाटतं त्यात ऑक्सिजन असतो. कसला ऑक्सिजन! आपण काठावर घेतो तीच साधी हवा. म्हणून हवा ओढणारा पाइप धुरापासून लांब, बांबूवर उंच बांधायचा. तो मी बांधला होता, देवाशपथ.

सकाळी गेस्ट हाऊसचे चौकीदार मारोतराव आडवे आले. मशीन नवी हाय, नारळ फोडल्याबिगर चालू करायची न्हाई. म्हटलं, फोडा बाबा. हळदकुंकू लावून त्यांनी विचारलं, हिचं तोंड कुठं हाय? मीही ऐटीत समजावलं, ते बांबूवरचं, तिथून ती श्वास घेते. मग मशीन सुरू केली आणि आत जाऊन त्यांच्या घरच्या पिठलं-भाकरीवर तुटून पडलो.

देवापुढं उदबत्ती लावायची तर तोंडासमोरच लावतात. मारोतरावांनी शिडी लावली आणि अख्खा पुडा पेटवून पाइपाच्या तोंडाशी बांधला. मी बाहेर आलो तेव्हा सगळे सिलिंडर भरले होते. वर मान करून बघायचं मला सुचलं नाही. एरवी मी प्रत्येक सिलिंडरचा वास घेतो. त्या दिवशी पिठल्याच्या सुस्तीत नुसती सही ठोकली.

धूर म्हणजे नुसता वास नव्हे. खोल पाण्याच्या दाबाखाली त्यातला विषारी वायू माणसाला बेशुद्ध करतो, आणि सुधाकरची लेक दोन वर्षांची होती.

“पाटकर, तपासली होती ना?” साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मारोतराव पुढं झाले. “मी लावली साहेब. माणूस पाण्यात जायलाय, त्याच्या जिवासाठी लावली. लय चुकलं का?”

साहेबांचा चेहरा लाल झाला. म्हातारा हात जोडून उभा. गप्प बसलो असतो तर सगळं त्याच्यावर शेकलं असतं. क्षणभर मोह झालाही, खोटं कशाला सांगू? लाज वाटली.

“साहेब, वास घ्यायचं काम माझं. मी घेतला नाही. डाइव्ह कॅन्सल करा.”

सगळे सिलिंडर रिकामे केले. सुं सुं करत हवा सुटली आणि अर्धा तास काठावर सत्यनारायण असल्यासारखा वास दरवळला. मी फिल्टर बदलला, पाइप धुतला. सुधाकर दुसऱ्या दिवशी उतरला आणि चिखलाचे नमुने घेऊन धडधाकट वर आला. मला लेखी मेमो मिळाला, तोही दोन प्रतींत. पोच म्हणून त्यावर सही करायची होती. केली.

सही करायला नाक लागत नाही, हाच तिच्यातला दोष.