बांगड्याची डोकी

मी तिसरी पुरी केली नाही. आई गेली, शाळा सुटली, आणि पुढे लग्न होऊन रत्नागिरीकडून थेट नंदुरबारला आले. आमचे हे कापसाच्या जिनात फिटर. परमुलखातल्या माणसांना खोली कोण देणार? एका मारवाडी जैन शेठाणीने आपल्या घरामागची दिली. विचारलं एकच, "मांस-मच्छी?" हे म्हणाले, "छे, छे." मी मान खाली घातली.

त्या बाईचे उपकार फिटणारे नाहीत. हिवतापात मी पडले तेव्हा पंधरा दिवस तिने खिचडी भरवली. इथली अहिराणी मला सुरुवातीला कळत नसे, तर बाजारात हात धरून तीच न्यायची.

पण माझा भाऊ मधूनमधून मुंबईमार्गे रेल्वेने सुक्या बांगड्यांचं बोचकं पाठवायचा. ते काही मला सोडवेना. सकाळी शेठाणी देरासरात, त्यांच्या देवळात, गेली की मी दोन बांगडे निखाऱ्यावर भाजायची आणि वास मारायला वर ओली गोवरी धुमसत ठेवायची. काटे, डोकी उकिरड्यावर टाकावीत तर मांजर ओढून दारात आणणार. म्हणून ते सगळं शेठाणीच्या कुत्र्याला. तांबडा, गुबगुबीत कुत्रा. तिच्या तव्यावरची पहिली पोळी रोज त्याची. माझ्या दारात तो काटासुद्धा ठेवत नसे. वाटायचं, देवानेच पाठवला.

वर्षभरात तो खाजवू लागला. आधी कान, मग पंजे. पंजे चावून चावून लाल करायचा. पोटावरचे केस गेले, कातडी जाड, काळी झाली, तिच्यातून पाणी गळायचं. शेठाणीने कडुलिंबाच्या पाण्याने धुतला, करंजाच्या तेलात गंधक कालवून लावलं. भिंतीला अंग घासून त्याने तिथे रक्ताचा पट्टा उमटवला. गल्लीतल्या बायका पोरांना ओढून घ्यायच्या. "शेठाणी, तुमची खरूज आमच्या घरात नको हं!"

शेठजी म्हणाले, "पुढच्या बाजारापर्यंत बरा झाला तर ठीक. नाही तर कोळशाच्या गाडीबरोबर डोंगरात सोडू." मारायचा नाही, ते त्यांच्या धर्मात नाही. सोडायचा.

शेठाणीने गाद्या पिंजायला येणाऱ्या म्हाताऱ्या चाचांना कुत्रा दाखवला. त्यांना जनावरातलं कळायचं. त्यांनी कान उलटा करून पाहिला.

"हाई खरूज नही शे. खरूज ऱ्हाती ते तुमना हातले नही लागती का? तुम्ही ते रोज चोळतस त्याले. तो जे खास तेच आंगवर निंघस. काय खावाले देतस?"

"पोळी," शेठाणी म्हणाली. "जन्मापासून पोळी, ताक."

"मंग दुसरं काहीतरी खाई ऱ्हायना. ते बंद करा. दोन महिना वाट दखा, केस येतीन."

शेठाणी माझ्याकडे वळली. "बाई, तू दिवसभर घरी असतेस. कोणी काही घालतं का याला?"

त्याच क्षणी मला सगळं लख्ख दिसलं. बोचकं आलं की खाज, संपलं की उतार. कुत्रा माझ्याच पायाशी बसून शेपूट हलवत होता. मला खोली दिसली, रस्त्यावर पडलेली भांडी दिसली, तिची खिचडीची वाटी दिसली.

"नाही बाई," मी म्हणाले. "मी तरी पाहिलं नाही."

चाचा माझ्याकडे पाहत राहिले. "जाऊ द्या," म्हणाले, आणि पिंजायला बसले.

त्या दिवसापासून मी त्याला एक काटा घातला नाही. पण कातडी काय आठ दिवसांत भरून येते? मी बोलले असते तर शेठाणीने नवऱ्याशी भांडून दोन महिने मागून घेतले असते. बाजाराच्या दिवशी त्याला गाडीत बांधलं. शेठाणीने सोबत पोळ्या बांधून दिल्या. गाडी हलली तेव्हा तो तिच्याकडे नाही, माझ्या दाराकडे बघत होता.

दोन-अडीच महिन्यांनी डोंगरातल्या धडगावकडून कोळसा घेऊन तोच गाडीवान आला. ओसरीवर पाणी पिता पिता सांगू लागला, "तुमना कुत्रा भट्टीवरच ऱ्हायना. ज्वारीनी भाकर खाये. केस काय दाट व्हयी गयात, शेठाणी! वळखू येये ना. परवा वाघ्यानी उचला त्याले."

वाघ्या म्हणजे बिबट्या, हे मला तोवर कळू लागलं होतं.

शेठाणी डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे त्याला डोंगराचं पाणी मानवलं. इथलंच पाणी वाईट. हो ना गं?"

"हो बाई," मी म्हणाले.

एरवी भावाला पत्र हे लिहायचे. त्या आठवड्यात मीच लिहिलं, वेड्यावाकड्या अक्षरात: बांगडे पाठवू नकोस. कारण लिहिलं नाही. त्याला वाटलं असणार, बहीण शेठलोकांत राहून मोठी झाली, आता आमच्या मासळीची तिला घाण येते. पुढे त्याने बोचकंही पाठवलं नाही आणि पत्रही.