रिकाम्या गाडीचे लाईट

गोरेगावात सेनगाव रस्त्याला सटवाजीचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, आणि समोर पंचवीस पावलांवर एका बंद गोदामाची लांबलचक भिंत. त्या भिंतीवर खडूची आडवी रेघ मारलेली. पिकअपला जादाचे लाईट बसवावेत तर सटवाजीनंच, असं आसपासची दहा-बारा गावं मानत आली. बाकीचे कारागीर बंपरला लाईट आवळतात, वायर जोडतात, बटण दाबून दाखवतात आणि मोकळे होतात. सटवाजीचं खरं काम त्याच्यापुढं सुरू व्हायचं.

तो शेजारच्या चहाच्या टपरीवर जायचा आणि तिथं जेवढे रिकामटेकडे बसलेले असतील तेवढे सगळे उठवून पिकअपच्या मागं चढवायचा. गाडीत ओझं पडलं की मागची बाजू दबते, नाक वर होतं आणि उजेड समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो. म्हणून दिवेलागणीला, माणसं बसवून, उजेड रेघेखाली आला की मगच बोल्ट आवळायचे. लोक थट्टा करायचे, की सटवाजीकडं यायचं तर वऱ्हाड सोबत आणावं लागतं. पण बसायचे, कारण चहा सटवाजीचा असायचा. माझा लाईट कुणाच्या डोळ्यांत जात नाही, हे तो छाती पुढं काढून सांगायचा, आणि एक दिवस सोडला तर ते खरंही होतं.

तो दिवस संतरामच्या गाडीचा. संतराम त्याचा लहानपणापासूनचा सोबती, हळदीची भाडी मारणारा. सहा वर्षांपूर्वी त्यानं पिकअप घेतली आणि पहिल्याच आठवड्यात लाईट बसवायला आणली. नेमकी त्या दिवशी टपरी बंद होती, टपरीवाला कुठल्या तरी लग्नाला गेलेला. संतरामनं आपणहून विचारलं, "वस्तीवरून माणसं बोलवून आणू का?"

सटवाजीला भूक लागली होती. घरून बायकोचा, पद्माबाईचा, ताट वाढून ठेवल्याचा निरोप दोनदा आला होता. आणि खरं सांगायचं तर, इतकी वर्षं लोकांनी वाखाणल्यामुळं त्याच्या डोक्यात थोडी हवाही गेली होती.

"काही गरज न्हाई," तो म्हणाला. "हाताला बसलंय आता."

रिकाम्या गाडीचा उजेड त्यानं बरोबर रेघेवर आणला, बोल्ट आवळले आणि जेवायला गेला.

तिसऱ्या दिवशी औंढ्याकडून हळद भरून येताना, अंधार पडता पडता, समोरून देविदास मोटारसायकलवर आला. देविदास गावातला शिंपी. डोळ्यांत उजेड घुसला, रस्ता दिसेनासा झाला आणि गाडीसकट तो मोरीखाली गेला. संतरामनं हळदीची पोती रस्त्याकडेला टाकली, त्याला मागं निजवलं आणि हिंगोलीला नेलं. जीव वाचला, उजवा पाय गेला. पायावर मशीन चालवणाऱ्या माणसाचा पाय.

संतराम एकच सांगत होता, की लाईट सटवाजीनं लावलेले आहेत, ते खालीच पडतात, म्हणून मी बंद केले नाहीत. तेव्हा गावातल्या चार जाणत्यांनी ठरवलं, बघूनच घेऊ. गाडी भिंतीपुढं उभी केली. गावातली निम्मी माणसं जमली. सटवाजीनं बटण दाबलं आणि उजेड अगदी रेघेवर पडला.

गाडी रिकामी होती ना! रोज चहासाठी मागं चढणारे सगळे तिथंच उभे होते, पण एकालाही वर चढून बसायचं सुचलं नाही. त्यांना तो सटवाजीचा छंद वाटत आला होता. सटवाजीनं नुसतं "मागं बसा रे" म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते शब्द त्याच्या जिभेपर्यंत आले आणि त्यानं ते गिळले. लाईट बरोबर आहेत म्हटल्यावर माणूसच चुकला, असं ठरलं. कुणी म्हणालं संतराम पिऊन होता, कुणी म्हणालं झोपेत होता. त्यानंतर कुणी त्याला माल दिला नाही. गाडी विकून तो हिंगोलीत एका गोदामावर राखणदार झाला.

पद्माबाईला सटवाजीनं त्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. जाऊन कबूल करा, असं ती दर सणाला म्हणायची. तो व्हय म्हणायचा आणि जायचा नाही. त्यानं एवढंच केलं, की मुरूम भरलेली वीस पोती दुकानात आणून ठेवली. माणसं असोत नसोत, पोती चढवल्याशिवाय त्यानं पुन्हा एकही लाईट लावला नाही.

यंदा संक्रांतीनंतर संतराम आला. जावयाची पिकअप घेऊन, एकटाच. दुसरीकडं न्यायला मन झालं नाही म्हणाला. सटवाजीनं लाईट बसवले, दिवेलागण होऊ दिली आणि दोघांनी मिळून पोती चढवली. एकेक पोतं पडत गेलं तसा भिंतीवरचा उजेड वर सरकत गेला आणि रेघेच्या वीतभर वर जाऊन थांबला.

संतराम ते बघत उभा राहिला. मग त्यानं पोत्यावर हात ठेवला. "ही पोती कवापासून ठेवलीस?"

थाप मारता आली असती. सहा वर्षं दुसरं काय केलं होतं!

"तवापासून," सटवाजी म्हणाला. "तुझी गाडी मी रिकामीच लावली व्हती. त्या दिशी भिंतीपुढंबी रिकामीच दाखवली."

संतराम चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, असं सटवाजीला वाटलं.

"तवा सारं गाव उभं व्हतं हितं," संतराम म्हणाला. "आता म्या एकट्यानं ऐकून काय करू?"

सटवाजीनं बोल्ट सैल केले, उजेड रेघेखाली आणला, पुन्हा आवळले. काम चोख झालं. उद्या टपरीवर सगळ्यांसमोर सांगतो, देविदासच्या घरी जातो, असं तो म्हणाला. वीसही पोती संतरामनं एकट्यानं उतरवली, जागच्या जागी रचली, आणि सटवाजीनं हात लावायला घेतला तेव्हा त्याला बाजूला सारलं.

मग तो गाडीत बसला. हिंगोलीकडचा रस्ता पार काळोखा झाला होता. सटवाजी छपराखाली उभा राहून वळणापर्यंत बघत राहिला. गाडी साध्या दिव्यांवरच गेली, नवे लाईट संतरामनं चालू केलेच नाहीत.